पुढच्याची पाठ आणि हातातला नकाशा: एका स्काउट पथकाच्या मैदानी वर्षाचा प्रकरण अभ्यास

एका स्थानिक स्काउट पथकाने बारा महिन्यांत केलेल्या मैदानी उपक्रमांचे हे प्रकरण आहे. मी त्या पथकाचा स्काउट मास्टर होतो आणि आजही आहे, त्यामुळे हे लिखाण तटस्थ निरीक्षकाचे नाही. वर्षाच्या तिसऱ्या महिन्यात जी चूक झाली ती माझ्या हातून झाली, आणि पुढच्या नऊ महिन्यांत पथकात जे बदलले त्याचे मूळ त्या चुकीतच होते. वर्षभरात नऊ पदभ्रमणे, तीन मुक्कामी शिबिरे आणि दर आठवड्याची मैदानावरील सभा एवढे काम झाले. त्या सगळ्याची नोंद मी येथे केलेली नाही. ज्या प्रसंगांतून आम्हाला काही कळले तेवढेच मांडले आहेत.

मुलांना रानात घेऊन जाणे आणि मुलांनी स्वतः रानात जाणे, या दोन गोष्टी वरवर पाहता सारख्याच दिसतात. दोन्हींत तीच वाट असते, तोच घाम गाळावा लागतो आणि संध्याकाळी दमलेले चेहरेही तसेच असतात. मात्र पहिल्या प्रकारात वाट मोठ्या माणसाच्या डोक्यात असते आणि दुसऱ्या प्रकारात ती मुलांच्या डोक्यात असते. आमचे पथक पहिल्या प्रकारात मोडत होते आणि हे आम्हाला ठाऊक नव्हते.

पथकाची घडण

पथकात ११ ते १६ वयाची २६ मुले-मुली होती. त्यांचे चार संघ केलेले होते, प्रत्येक संघाला संघनायक आणि उपसंघनायक होता, आणि माझ्यासह चार प्रौढ कार्यकर्ते होते. कागदावर या रचनेत काही उणे नव्हते. स्काउट चळवळ सुरूच अशा रचनेतून झाली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा श्रीमंत घरांतली आणि कष्टकरी घरांतली मुले एकत्र करून त्यांचे चार संघ पाडले गेले आणि प्रत्येक संघ त्याच्या नायकाच्या हवाली करण्यात आला. त्याआधी, १८९९-१९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या गावाच्या २१७ दिवसांच्या वेढ्यात, निरोप पोहोचवण्यासारखी कामे करणारी मुले बेडन-पॉवेल यांनी पाहिली होती. काम खरे असेल आणि विश्वास पुरता असेल, तर मुले जबाबदारी पेलतात, हे त्यांनी तिथे टिपले होते.

आमच्याकडे मात्र संघ ही रांगेत उभे राहण्याची सोय होऊन बसली होती. हजेरी संघवार होई, खेळ संघवार होत, पण कुठे जायचे, किती चालायचे, कधी थांबायचे आणि पाऊस आला तर काय करायचे, हे सारे आम्ही चार प्रौढ ठरवत असू. संघनायक आमच्या सूचना पुढे पोहोचवत. पहिले दोन महिने शिस्तीत गेले. मुले रीफ नॉट, क्लोव्ह हिच आणि बोलाइन या गाठी डोळे मिटून बांधू लागली, पालक समाधानी होते, आणि मीही. त्या समाधानातच तिसऱ्या महिन्याचे पदभ्रमण आखले गेले.

तिसऱ्या महिन्यातील पदभ्रमण

मार्ग १२ किलोमीटरचा होता आणि त्यात सुमारे ४८० मीटरचा चढ होता. दुपारी दीड वाजता निघायचे आणि पाच वाजता परत यायचे, असे मी पालकांना लेखी कळवले होते. सूर्यास्त सहाच्या सुमारास होणार होता. त्या दिवशी २२ मुले आणि तीन प्रौढ होते. सर्वांत पुढे मी, मध्ये एक सहकारी आणि शेवटी दुसरा सहकारी, अशी आमची नेहमीची रचना होती. नकाशा माझ्या हातात होता. प्रत्येक संघाला त्याची प्रत दिलेली होती, पण त्या प्रती पाठपिशव्यांच्या तळाशी घडी घालून ठेवलेल्या होत्या आणि त्या बाहेर काढा असे मीही कोणाला सांगितले नाही.

चढ ठीक पार पडला. माथ्यावर पोहोचलो तेव्हा ढग खाली उतरले होते, भुरभुर पाऊस सुरू झाला होता आणि समोरचे तीस-चाळीस पावलांपलीकडचे दिसत नव्हते. डोंगर चढताना त्याच्या सगळ्या सोंडा, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत जाणाऱ्या धारा, एकाच माथ्याकडे येऊन मिळतात, त्यामुळे थोडी दिशा चुकली तरी माणूस शेवटी माथ्यावरच पोहोचतो. उतरताना नेमके उलटे घडते. त्याच सोंडा एकमेकींपासून दूर होत जातात आणि माथ्यावर झालेली थोडीशी चूक खाली दुसऱ्याच दरीत नेऊन सोडते. हे मला माहीत होते. तरीही उशीर झाल्याच्या घाईत मी होकायंत्रावर ओझरती नजर टाकली, पायवाट दिसली तशी धरली आणि चुकीच्या सोंडेवरून २४ माणसांना खाली घेऊन निघालो.

चूक माझ्या लक्षात आली ती ओढ्यामुळे. नकाशाप्रमाणे जो ओढा आमच्या डाव्या हाताला हवा होता, तो उजव्या हाताला वाहत होता. तोवर आम्ही चाळीस मिनिटे उतरलो होतो. पुन्हा माथ्यावर चढण्यात तासाभराहून अधिक वेळ गेला आणि योग्य सोंड सापडेपर्यंत अंधार पडला. सगळ्यांकडे मिळून सहा विजेऱ्या होत्या. वारा सुटला होता. अशा वेळी अकरा वर्षांचा एक मुलगा वारंवार अडखळू लागला. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती आणि ती त्याला बांधता येईना; काय होते आहे असे विचारले तेव्हा त्याचे शब्द जड येत होते. माझ्या सहकाऱ्याने ते ओळखले. शरीराचे आतले तापमान उतरू लागल्याची ही लक्षणे होती. बर्फ किंवा कडाक्याची थंडी नसतानाही भिजलेला सुती सदरा आणि वारा एवढ्यावर ही वेळ येऊ शकते. आम्ही त्याला खडकाच्या आडोशाला नेले, ओले कपडे काढून इतरांकडचे कोरडे कपडे घातले, जमिनीचा गारवा लागू नये म्हणून पाठपिशव्यांवर बसवले, दोन मुलांना त्याला खेटून बसायला सांगितले आणि थर्मासमधले गरम, गोड पेय घोटाघोटाने पाजले. हातपाय चोळले नाहीत, कारण अशा अवस्थेत चोळल्याने अपाय होतो. वीस मिनिटांनी तो नीट बोलू लागला. सव्वाआठला आम्ही खाली पोहोचलो. पालक सव्वातीन तास वाट पाहत उभे होते.

कोणालाही इजा झाली नाही, पण या वाक्याने मी प्रकरण मिटवू इच्छित नाही. दुसऱ्या दिवशी आकडे मांडून बसलो तेव्हा चूक माथ्यावर झालीच नव्हती, ती टेबलावर झाली होती. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा डोंगरात चालणारे लोक आजही वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. या हिशेबाने १२ किलोमीटरचे दोन तास चोवीस मिनिटे आणि ४८० मीटरची अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे एकूण तीन तास बारा मिनिटे होतात. मात्र हा हिशेब न थांबता चालणाऱ्या सराईत प्रौढाचा आहे. बावीस मुलांचा घोळका, पाणी पिण्याचे थांबे आणि निसरडी वाट धरली, तर त्यात निम्मी भर घालायला हवी होती. तशी घातली की चार तास अठ्ठेचाळीस मिनिटे होतात. याचा अर्थ, रस्ता अजिबात चुकला नसता तरी आम्ही सहा वाजून अठरा मिनिटांनी, सूर्य मावळल्यावरच पोहोचलो असतो. साडेतीन तास हा आकडा मी कुठल्याही गणिताशिवाय, मागच्या अनुभवाच्या भरवशावर लिहिला होता. घाई त्या आकड्यातून आली, घाईतून होकायंत्राकडे दुर्लक्ष झाले, आणि तिथून पुढे सगळे घडत गेले.

मानसभा

स्काउट पथकात संघनायकांची जी सभा पथकाचे निर्णय घेते तिला मानसभा म्हणतात, आणि प्रौढाने तिथे सल्लागार म्हणून बसायचे असते. आमची मानसभा म्हणजे तोवर माझ्या घोषणा ऐकण्याची बैठक होती. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा आधी बोललो नाही. चौघांना एकच प्रश्न विचारला: त्या दिवशी तुम्हाला काय दिसले?

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तेरा वर्षांची एक संघनायिका म्हणाली, “सर, ओढा उजवीकडे आलाय हे मला दिसलं होतं. पण नकाशा तुमच्याकडे होता, म्हणून वाटलं माझंच चुकत असेल.” कधी दिसले, असे मी विचारले. माझ्या लक्षात येण्याच्या वीसेक मिनिटे आधी. दुसऱ्या संघनायकाने त्यात भर घातली: “आम्ही वाट बघतच नव्हतो सर. पुढच्याची पाठ बघत चाललो होतो.”

या दोन वाक्यांनी मला जे शिकवले ते कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नव्हते. वीस मिनिटांचा उतार म्हणजे परतीचा अर्धा तास. तिने तेव्हाच सांगितले असते तर त्या लहान मुलाचा सदरा तेवढा वेळ वाऱ्यात भिजला नसता. पण तिने सांगावे अशी जागाच आम्ही ठेवली नव्हती. नकाशा ज्याच्या हातात तोच बरोबर, हे आम्ही दोन महिने न बोलता शिकवत आलो होतो, आणि एका हुशार मुलीने ते इतके नीट आत्मसात केले होते की तिने स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला.

पालकांची सभा अधिक कठीण गेली आणि तशी ती जाणे योग्यच होते. आम्ही झालेली चूक तपशिलासह सांगितली, आकड्यांचा कागद वाटला आणि यापुढे मार्ग आखण्याचे व वाट शोधण्याचे काम संघांकडे सोपवण्याचा विचार मांडला. त्यावर एका आईने विचारले, “मोठ्या माणसांना जे जमलं नाही ते आता मुलांवर टाकणार का तुम्ही?” हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. आमचे उत्तर असे होते की, त्या दिवशी पंचवीस जणांत एकच जण वाट पाहत होता. यापुढे पंचवीसही जणांनी ती पाहावी, एवढाच हा बदल आहे. त्यासोबत मुलांकडे कधीही न सोपवायच्या गोष्टी आम्ही लिहून दिल्या. हवामान पाहून उपक्रम रद्द करणे, गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ते न ओलांडणे, ठरलेल्या वेळी जिथे असू तिथून परत फिरणे, प्रत्येक मुलाची आरोग्याची माहिती सोबत ठेवणे, कुठल्याही उपक्रमात किमान दोन प्रौढ असणे आणि कोणताही प्रौढ एकट्या मुलासोबत एकांतात नसणे, या बाबी प्रौढांच्या हाती राहतील आणि त्यांवर मतदान होणार नाही, असे त्यात होते. तरीही तीन कुटुंबांनी मुले काढून घेतली. त्यातले एक कुटुंब त्या अकरा वर्षांच्या मुलाचे होते.

नकाशा हातात आल्यावर

पुढचे दोन महिने आम्ही दूर कुठे गेलोच नाही. मैदान आणि जवळची टेकडी एवढ्यातच सराव केला. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या नकाशावरच्या रेषा, मुलांना कागदावर कधीच नीट कळल्या नव्हत्या, म्हणून प्रत्येकाने आपल्या मिटलेल्या मुठीवर पेनाने एकावर एक वेढे काढले. बोटांची चार पेरे म्हणजे चार माथे, दोन पेरांमधला खोलगा म्हणजे खिंड, आणि खाली उतरणारी बोटे म्हणजे सोंडा. मग मूठ उघडून तळवा जमिनीला समांतर धरला की तेच वेढे सपाट नकाशा होऊन समोर येतात. ज्या दिवशी हे केले त्या दिवशी एका मुलाने बोटांवरून नख फिरवत विचारले की वरून खाली येताना बोट बदलले तर काय होईल, आणि मी तिसऱ्या महिन्यात काय केले होते ते पूर्ण पथकाला न सांगता समजले.

होकायंत्राचा सरावही असाच हाताने झाला. स्थिर सुईजवळ पोलादी चाकू आणला की सुई ढळते, मोबाइल आणला तरी ढळते, हे मुलांनी स्वतः करून पाहिले. दिशेत एका अंशाची चूक झाली तर एक किलोमीटर चालल्यावर माणूस सुमारे १७ मीटर बाजूला जातो, म्हणजे दहा अंशांच्या चुकीत जवळजवळ पावणेदोनशे मीटर. हे गणित त्यांनी मैदानावर दोऱ्या ताणून पडताळले. शंभर मीटरमध्ये आपली किती दुहेरी पावले पडतात ते प्रत्येकाने मोजून वहीत लिहिले, आणि १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर हे ध्यानात ठेवून, चालताना अंगठा नकाशावर सरकवत राहण्याची सवय लावली. वाटखुणाही नव्याने शिकवल्या: काठ्यांचा बाण म्हणजे या दिशेने, फुली म्हणजे ही वाट नव्हे, वर्तुळात बिंदू म्हणजे मी घरी गेलो. ही शेवटची खूण केनियातील न्येरी येथे बेडन-पॉवेल यांच्या थडग्यावर कोरलेली आहे, हे ऐकल्यावर मुले थोडा वेळ गप्प झाली होती.

चालण्याच्या क्रमातला बदल मात्र मुलांनी सुचवला. सर्वांत हळू चालणारे मूल नेहमी शेवटी असे. पुढचे थांबत, विसावा घेत, आणि ते मूल पोहोचले की सगळे उठून निघत. म्हणजे ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज त्यालाच तो मिळत नसे. वर्षानुवर्षे आम्ही हे करत होतो आणि आम्हाला दिसले नव्हते. मानसभेने ठरवले की हळू चालणारे मूल संघनायकाच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर चालेल आणि संघाचा वेग तोच असेल. त्याच सभेत पाठपिशव्या तोलण्याचा ठराव झाला. एका ३८ किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर ११ किलोचे ओझे निघाले, तर त्याच्या दणकट संघनायकाच्या पाठीवर सात किलोचे. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक ओझे नको, हा ढोबळ नियम त्या दिवसापासून काट्यावर पाळला जाऊ लागला.

पावसातील शिबिर

सातव्या महिन्यातले तीन रात्रींचे शिबिर ही या वर्षाची खरी कसोटी होती, कारण तिथे ‘मागे उभे राहणे’ म्हणजे नेमके काय, हे आम्हा प्रौढांना ठरवावे लागले.

जागा निवडण्याचे काम संघांचे होते. एका संघाने मऊ गवत पाहून मैदानातल्या खोलगट भागात तंबू ठोकला. पाऊस आला तर तिथे पाणी साचणार हे मला उघड दिसत होते. त्याच वेळी दुसऱ्या संघाने आपला तंबू एका मोठ्या झाडाखाली उभारायला घेतला, आणि त्या झाडाची एक वाळलेली फांदी नेमकी तंबूच्या वर होती. दुसऱ्या संघाचे काम मी तिथल्या तिथे थांबवले, फांदी दाखवली आणि जागा बदलायला लावली. पहिल्या संघाला मात्र काहीच बोललो नाही. माझ्या एका सहकाऱ्याला हे पटले नाही. दिसत असून न सांगणे ही फसवणूक आहे, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्यावर आम्ही त्या संध्याकाळी बराच वेळ बोललो. शेवटी आम्ही जी रेघ ओढली ती आजही पाळतो. ज्या चुकीची किंमत गैरसोय आहे ती मुलांना करू द्यायची, आणि ज्या चुकीची किंमत इजा आहे ती होण्याआधी थांबवायची. खोलगट जागा ओढ्याच्या पात्रात नव्हती, पाणी आले तरी घोट्याइतकेच येणार होते आणि कोरडे कपडे व पक्की इमारत जवळ होती, म्हणूनच गप्प बसणे शक्य होते. यातली एकही गोष्ट वेगळी असती तर मी बोललो असतो.

रात्री दोनच्या सुमारास पाऊस आला आणि तंबूत पाणी शिरले. संघनायिका, तीच जिने ओढा पाहिला होता, आपल्या संघाला घेऊन अंधारात तंबू उचलून उंचवट्यावर गेली. प्रौढांना हाक मारली नाही, पण पहाऱ्यावरच्या सहकाऱ्याला आम्ही सगळे इथे आहोत असे मोजून सांगून गेली. सकाळी त्यांच्या वहीत एकच वाक्य होते: “मऊ गवत म्हणजे तिथे पाणी थांबते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी विजा चमकू लागल्या. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणून वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि ते तीसपेक्षा कमी भरले की काम सोडून आसऱ्याला जायचे, हे मुलांना पाठ होते. तंबू विजेपासून संरक्षण देत नाही. पक्की इमारत किंवा बंद वाहन हाच आसरा. मोजणी बावीसवर आली तेव्हा चारही संघ हत्यारे खाली ठेवून इमारतीत पोहोचले होते, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत कोणी बाहेर पडले नाही. त्यामुळे संघांनी बांधायला घेतलेला वाशांचा पूल अपुरा राहिला. तिसऱ्या दिवशी तो उभा राहिला आणि पहिल्या मुलाच्या वजनानेच खचला, कारण चौकोनी बांधणीत दोन वाशांच्या मधून दोरी आवळून घेणारे फेरे घाईत गाळले गेले होते. पूल जमिनीपासून हातभरच उंच होता. डोळे मिटून बांधता येणाऱ्या गाठी कशासाठी असतात, हे त्या दिवशी कळले.

शिबिराची बाकीची व्यवस्था संघांनी न चुकता सांभाळली. पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसेच ठेवणे, शौचाचे खड्डे पाण्यापासून किमान ६० मीटर दूर खणणे आणि निघताना जागा होती तशी करणे, हे त्यांनी कोणी आठवण करून न देता केले.

जे नीट झाले नाही

अधिकार मुलांकडे गेला की तो सगळ्या मुलांकडे सारखा जात नाही, हे आमच्या उशिरा लक्षात आले. पंधरा वर्षांचा एक संघनायक, वाट शोधण्यात सर्वांत तरबेज, आपल्या संघातल्या लहान मुलांना दोन शिबिरे भांडी घासायला आणि सरपण आणायला लावत होता. नकाशा त्यांच्या हाती त्याने एकदाही दिला नाही. म्हणजे मी जे पथकाशी केले होते तेच तो संघाशी करत होता. संघाच्या कारभारात प्रौढांनी ढवळाढवळ करायची नाही, या आमच्या नव्या उत्साहापायी आम्ही तिकडे पाहिलेच नाही. दोन लहान मुले यायची बंद झाली आणि त्यांच्या घरी गेल्यावर कारण कळले. मानसभेने कामांची पाळी लावली आणि प्रत्येक पदभ्रमणात किमान दोन टप्पे सर्वांत लहान सदस्याने वाट दाखवायची असा नियम केला. आम्ही महिन्यातून एकदा, दोन प्रौढांच्या उपस्थितीत, लहान मुलांशी संघनायकांविना बसू लागलो. त्या दोघांपैकी एक मूल परत आले, दुसरे आले नाही. त्या दुसऱ्या मुलाच्या बाबतीत आम्ही कमी पडलो.

प्रौढांचे कामही कमी झाले नाही, उलट वाढले. संघ स्वतः चालणार असेल तर तो मार्ग आम्हाला आदल्या आठवड्यात चालून पाहावा लागे, वाटेत संघांची नोंद घेण्याच्या नाक्यांच्या जागा ठरवाव्या लागत आणि तिथे तासन्तास उभे राहावे लागे. चारपैकी एका कार्यकर्त्याला हे झेपले नाही आणि त्याने रजा घेतली.

अकरा वर्षांचा तो मुलगा सहाव्या महिन्यात परत आला. त्याच्या आईने एकच अट घातली होती की त्याचा कोरडा सदरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठपिशवीत असेल आणि ते कोणीतरी निघण्यापूर्वी पाहील. त्याच्या संघाने ती अट सगळ्यांना लागू केली, आणि महिन्याभरात ती पथकाची रीत झाली.

बाराव्या महिन्यातील पदभ्रमण

वर्षाच्या शेवटी प्रत्येक संघ प्रौढांविना नऊ किलोमीटर चालला. वाटेत चार नाके होते, प्रत्येक नाक्यावर दोन प्रौढ होते, त्यासाठी काही पालकही आले होते, आणि संघ चाळीस मिनिटांच्या अंतराने सोडलेले होते. प्रत्येक संघाकडे दोन नकाशे, प्रथमोपचार पेटी, बंद पाकिटातला फोन आणि शिट्ट्या होत्या. मिनिटाला सहा शिट्ट्या म्हणजे मदत हवी, हा आंतरराष्ट्रीय संकेत सगळ्यांना ठाऊक होता. वेळापत्रक संघांनी नाइस्मिथचा ठोकताळा वापरून, त्यात निम्मी भर घालून बनवले होते. ठरलेल्या वेळेपेक्षा पंचेचाळीस मिनिटे उलटली की दोन्ही बाजूंनी प्रौढ निघतील, असे आमचे ठरले होते.

मी तिसऱ्या नाक्यावर होतो. दुपारी अडीचला येणारा दुसरा संघ आला नाही. तीन वाजले, तरी कोणी दिसेना. माझ्या शेजारी पालकसभेत प्रश्न विचारणारी ती आई उभी होती. तिने घड्याळाकडे पाहिले आणि काही म्हणाली नाही. मी बूट आवळले आणि पाठपिशवी खांद्यावर घेतली. तीन वाजून आठ मिनिटांनी ते आले, पण अपेक्षित पायवाटेने नव्हे, पुलाकडच्या लांबच्या वाटेने.

संघनायिकेने नोंदवही पुढे केली. अक्षर त्या अकरा वर्षांच्या, आता बारा पूर्ण झालेल्या मुलाचे होते, कारण त्या टप्प्यावर वाट दाखवण्याची पाळी त्याची होती:

“२.१२ ओढ्यावर पोहोचलो. काठी बुडवून पाहिली. पाणी गुडघ्याच्या वर. ओलांडला नाही. २.२८ फाट्यावर परत. काठ्यांची फुली ठेवली. पुलाच्या वाटेने निघालो. सगळे कोरडे.”

फुली ठेवायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या मागून सुटलेला संघ फाट्यावर आला, फुली पाहून ओढ्याकडे न जाता सरळ पुलाकडे वळला आणि ठरल्या वेळेपेक्षा दहाच मिनिटे उशिरा, तीन वाजून वीस मिनिटांनी आमच्या नाक्यावर पोहोचला. त्या संघातली सर्वांत लहान मुलगी पुढे चालत होती आणि तिचा अंगठा नकाशावर होता.